रावजीबाबा, जरा बाहेर बसा

कुसुम गायधनी नाशिकला आमच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाली ते साल १९९५. तिच्या नेमणुकीच्या आदेशावर पदाचं नाव होतं 'चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ'. आमच्या शिपायाने ते दोन दिवस म्हणून पाहिलं, तिसऱ्या दिवशी नाद सोडला आणि "मानसबाई आल्यात" असं सांगायला सुरुवात केली. आठवड्याभरात सगळा दवाखाना तिला मानसबाई म्हणू लागला. बऱ्याच रुग्णांना तर ते तिचं खरंच नाव वाटायचं.

मी मोहिनी. त्याच दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते. अधीक्षक म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्या हाताखाली दहा जण असतील. माझ्या हाताखाली एक टेबल होतं आणि त्याचाही एक पाय आखूड होता. ते टेबल कुसुमताईंच्या खोलीतच मांडलेलं असल्यामुळे पुढची बरीच वर्षं त्यांचं काम मी अगदी शेजारी बसून पाहिलं.

आमची खोली एक्स-रेच्या खोलीला लागून होती. त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी आत यायचं आणि न विचारता सुजलेला हात टेबलावर ठेवायचं. दुसरं कोणी असतं तर "पलीकडे जा" म्हणून मोकळं झालं असतं. कुसुमताई विचारायच्या, "कसा पडलात?" माणूस सांगायला लागायचा. शिडीवरून पडलो, मग शिडीवर का चढलो, मग भाऊ घर रंगवायला मदत करत नाही, मग भावाशी बोलणं कधीपासून बंद आहे. अर्ध्या तासाने तो उठायचा, "बरं वाटलं बाई" म्हणायचा, आणि मग मी त्याला शेजारच्या खोलीत नेऊन सोडायची. तिथे कळायचं की हाड मोडलंय.

एकदा नाशिकच्याच द्वारका भागातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने भाच्याला आणलं. शाळेत जात नाही, डोकं तपासा म्हणाला. कुसुमताईंनी बुद्धिमत्ता चाचणीतला प्रश्न विचारला, "रस्त्यात तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं पाकीट सापडलं तर काय करशील?" टपालपेटीत टाकीन, हे अपेक्षित उत्तर. पोरगा म्हणाला, "पत्ता द्वारकेचा असला तर हातानेच नेऊन देईन. टाकलं तर आठ दिवस लागतात." कुसुमताईंनी मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "धंद्यात बसवू का?" त्या म्हणाल्या, "आधी शाळेत का जात नाही ते विचारू." त्याला फळ्यावरचं दिसत नव्हतं. चष्मा लागला.

कुसुमताई पंचवटीतल्या. वडील वेणीमाधवशास्त्री रामकुंडावर यात्रेकरूंचे श्राद्धविधी सांगत. मुलगी बंगळुरूला जाऊन मानसशास्त्र शिकून आली तेव्हा नातेवाइकांना काय सांगायचं, असा आईला प्रश्न पडला होता. शास्त्रीबुवांना तो पडला नाही. ते सांगत, "आमच्या घरात कामाची वाटणी आहे. मेलेल्यांचं मी बघतो, जिवंतांचं कुसुम बघते." कुसुमताईंच्या लग्नाचा विषय निघाला की मात्र तेही गप्प होत, कारण दोन स्थळांना तिने चहाच्या वेळी इतके खोलवरचे प्रश्न विचारले होते की त्यातला एक मुलगा पुढे स्वतःहून दवाखान्यात येऊन तासभर बोलून गेला. लग्नाचं त्याने काढलं नाही. झोप सुधारली म्हणाला.

आता दवाखान्याची एक अडचण सांगायला हवी. आमच्या विभागात मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची जागा होती, पण डॉक्टर नव्हते. होते ते बदलून गेले आणि नवे येईनात. औषधं लिहायला वरच्या मजल्यावरचे फिजिशियन येत, भराभर सह्या करत आणि जात. बाकी सगळा गाडा कुसुमताई ओढत. पण त्यांचं ऐकणार कोण? "या पेशंटला बांधून ठेवू नका," असं त्यांनी वॉर्डात सांगितलं की सिस्टर विचारायच्या, "सरांना विचारलंत का?"

पहिले काही महिने कुसुमताई वाद घालत. मग एक दिवस त्या थकून म्हणाल्या, "हो, सरांचंही तेच मत आहे." सिस्टरनी ताबडतोब बांधलेले हात सोडले. कोणते सर, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुसुमताईंनी सांगितलं नाही. तेव्हापासून सर सुरू झाले. सर म्हणतात, पेशंटला घरचं जेवू द्या. सर म्हणतात, नातेवाइकांसमोर त्याला वेडा म्हणू नका. हे सर फार समजूतदार होते. मला तर ते मनापासून आवडायला लागले होते.

महिन्यातून एकदा आम्ही डोंगराकडच्या पेठ तालुक्याला जायचो. दवाखान्याची जीप, ड्रायव्हर, कुसुमताई, मी आणि औषधांचं खोकं. तिथल्या सरकारी इमारतीत एक खोली मिळायची. तिथल्या लोकांनाही कुसुमताई 'सर म्हणतात' असंच सांगायच्या. लोक लांबच्या पाड्यांवरून चालत यायचे, कोणी फेफऱ्याचे, कोणी झोप न येणारे, कोणी नुसतेच नाशिकच्या बाई काय करतात ते बघायला. अशाच एका दिवशी, भातकापणी संपत आली होती तेव्हा, अक्काबाई आली.

आली म्हणजे तिला आणली. मुलगा बुधा पुढे, सून भागीबाई तान्हं पोर घेऊन मागे, आणि मध्ये अक्काबाई, साठीच्या पुढची, काटक, चेहऱ्यावर जत्रेला निघाल्यासारखा आनंद.

"काय होतंय?" कुसुमताईंनी विचारलं.

"हिला माझा बाप लागलाय," बुधा म्हणाला.

बाप म्हणजे रावजी. दोन वर्षांपूर्वी वारलेला. बुधाने जे सांगितलं ते असं. बाप गेला, दिवसपाणी नीट झालं, सगळं शांत होतं. मग एका संध्याकाळी आई जेवता जेवता खोकली. बाप बोलायच्या आधी खोकायचा, तसाच खोकला. आणि जाड्या आवाजात म्हणाली, "बुध्या, तुझ्या आईची खाट गळतीखाली हाय. सरकव." बुधाच्या हातातला घास खाली पडला. त्याने खाट सरकवली.

मग बाप अधूनमधून येऊ लागला. एकदा म्हणाला, म्हातारीला नागलीची भाकर चावत नाय, भात टाका. एकदा म्हणाला, थोरला कोंबडा कापा, लय दिवस झाले. कोंबडा बापासाठी कापला, पण बापाला तोंड नसल्यामुळे आईनेच खाल्ला. भगताला आणलं. भगताने धूर केला, तांदूळ टाकले, बापाला विचारलं, "का आला?" बाप म्हणाला, "माझ्या घरात मी येईन, तू का आला?" भगत जेवून गेला आणि पुन्हा फिरकला नाही.

"इथवर चाललं," बुधा म्हणाला. "बाप हाय, चार गोष्टी सांगणारच. पण आता म्हणतो, नवसाला नेऊ नको."

नवसा ही बुधाची थोरली मुलगी, आश्रमशाळेत चौथीत. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-पिंपळगावकडे जातात. बुधा आणि भागीबाई दरवर्षी जायचे. या वर्षी तान्हं पोर होतं, ते सांभाळायला नवसाला शाळेतून काढून बरोबर न्यायचं ठरलं होतं. बापाने त्याला साफ नकार दिला होता. बुधा कात्रीत सापडला होता. मेलेल्या बापाचं मोडलं तर पाप, आणि ऐकलं तर पोर कोण सांभाळणार?

"इंजेक्शन द्या," तो म्हणाला. "बाप जाईल असं."

कुसुमताईंनी बुधाला आणि भागीबाईला बाहेर बसवलं. खोलीत अक्काबाई, त्या आणि मी. झोप कशी लागते, भूक लागते का, कामं होतात का, एरवी काही भास होतात का, सगळं विचारून झालं. अक्काबाई खणखणीत होती. सकाळी लाकडं आणायची, दुपारी खुरासणी झोडायची, संध्याकाळी शेजारणींशी भांडायची.

"आणि हे येतात ते कधी? एकट्या असताना येतात का?"

अक्काबाईला प्रश्नाचं नवल वाटलं. "एकटीकडं कशाला येल? मला काय सांगायचं त्याला? मला ठावंच हाय सगळं."

मी खिडकीकडे तोंड केलं. कुसुमताईंच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"मग ते बोलतात की तुम्ही बोलता?"

अक्काबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बाई, खोकला येतो तवर मी असते. मंग मला बी नीट कळत नाय. पण जे बोलतो ते मला पटतं."

कुसुमताईंनी बुधाला आणि भागीबाईला परत आत बोलावलं आणि अक्काबाईला म्हणाल्या, "मला रावजीबाबांशी बोलायचंय. येतील का?"

बुधा दाराला चिकटला. अक्काबाई खोकली. तो खोकला ऐकून भागीबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, सासऱ्यासमोर ओढतात तसा. 

"रावजीबाबा," कुसुमताई म्हणाल्या, "मी कुसुम, नाशिकची. आमच्या वडिलांचं तुमच्यासारख्यांशी रोजचं येणंजाणं आहे."

"हां," रावजीबाबा म्हणाले.

"नवसाला का नेऊ नये म्हणता?"

"नेऊ नये म्हणजे नेऊ नये."

"बरं. आणि तुमच्या बायकोला काय वाटतं?"

रावजीबाबा खाली बघत म्हणाले, "तिला कोण इचारतं?"

आवाज जाडाच होता, पण मध्येच कुठेतरी चिरकला. बुधाने मान वर केली.

"मी विचारते," कुसुमताई म्हणाल्या. "पण ती तुमच्यासमोर बोलायची नाही. तुमच्या वेळच्या बायका कुठे बोलायच्या? तेव्हा, रावजीबाबा, तुम्ही जरा बाहेर बसा. तिथे सावलीला बाकडं आहे."

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. अक्काबाईने मान वळवून दाराकडे पाहिलं. बुधा दारातून बाजूला सरकला, बापाला जायला वाट दिली. भागीबाईने तान्ह्याचे पाय आवरून घेतले. एक माणूस जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही सगळे थांबलो, मीसुद्धा. मग कुसुमताईंनी उठून दार लोटून घेतलं.

"हं, अक्काबाई. आता तुम्ही सांगा."

अक्काबाईला सुरुवात करता येईना. मग तिच्या स्वतःच्या, बारीक, किंचित कुरकुरत्या आवाजात ती म्हणाली, "नवसा मला यष्टीची पाटी वाचून दाखवते."

"म्हणजे?"

"सुटीला घरी येते तवा. मंग आम्ही दोघी पेठला येतो, बाजाराला. कोणाला इचारावं लागत नाय ही गाडी कुठं जाती. पूर्वी एकदा मी चुकीच्या गाडीत बसले, पार सुरगाण्याला गेले. सगळा पाडा हसला. हा बी हसला." तिने बुधाकडे बोट केलं. "पोरगी अजून दोन-तीन वर्षं शिकली तर दवाखान्याचं बी वाचील. तिला तिकडं द्राक्षात नेऊन बसवली का इसरून जाईल सगळं. मी बी लहानपणी भावाला सांभाळायला गेले ती परत शाळेत नाय बसले. झालं. एवढंच हाय."

बुधा म्हणाला, "मंग असं सांगायचं ना."

"सांगितलं. लावणीच्या टायमाला सांगितलं. पोळ्याला सांगितलं. तू म्हनला, गप बस आई, तुला काय कळतं."

मग अनपेक्षितपणे भागीबाईच बोलली, पदराआडून. तान्ह्याला ती झोळीत बागेतच ठेवील, बरोबर तिची मावशी येतेय, ती बघेल. हे तिने बुधाला आधी का सांगितलं नाही, असं कुसुमताईंनी विचारलं. ती म्हणाली, "मामंजी सांगत होते ना, मी कशाला मधी बोलू?"

नवसा शाळेत राहिली. सुटीत आजीकडे यायचं ठरलं. इंजेक्शन न घेता सगळी परत निघाली, आणि बाहेर पडल्यावर बुधा बाकड्यापाशी क्षणभर थांबला. बाकडं रिकामं होतं. तरी तो वाकून काहीतरी पुटपुटला.

परतीच्या वाटेवर करंजाळीला चहा प्यायला थांबलो. मी हसू आवरून आवरून दमले होते, ते सगळं तिथे बाहेर काढलं. कुसुमताई हसल्या नाहीत. बशीतला चहा निवत होता.

"मोहिनी," त्या म्हणाल्या, "आपले सर कोण गं?"

मी म्हटलं, "कोणते?"

"तेच. जे म्हणतात पेशंटला बांधू नका."

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मला पण एकदा भेटायचंय त्यांना. माणूस चांगला वाटतो."

दुसऱ्या दिवसापासून कुसुमताईंनी सरांना रजेवर पाठवलं. वॉर्डात जाऊन म्हणाल्या, "सिस्टर, माझं मत असं आहे की या बाईला संध्याकाळी बागेत फिरू द्यावं." सिस्टर म्हणाल्या, "सरांना विचारलंत का?" "सर नाहीत. मी आहे." बाईला त्या दिवशी बागेत सोडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कुसुमताई रोज जात आणि तेच वाक्य त्याच आवाजात म्हणत. शेवटी सिस्टर वैतागून म्हणाल्या, "न्या बाई, पण तुम्ही बरोबर राहा." त्या राहिल्या. पुढे सिस्टरही बरोबर फिरायला लागल्या, त्यांना मधुमेह होता.

पेठला पुढच्या खेपेला बुधा आईला घेऊन पुन्हा हजर. द्राक्षांवरून खास दोन दिवसांसाठी आला होता.

"आला का परत?" कुसुमताईंनी विचारलं.

"आला. कौलांवरून आला."

अक्काबाईने आपल्या आवाजात सांगितलं होतं की मागची कौलं बदलून जा. बुधा म्हणाला होता, आल्यावर बघू. तीन वेळा सांगून झालं, आणि मग खोकला. अक्काबाई ओशाळून म्हणाली, "मी लय दाबला, बाई."

त्या दिवशी कुसुमताईंनी अक्काबाईला पाचच मिनिटं घेतलं आणि बुधाला तासभर. त्याला एक काम दिलं. घरी असेल तेव्हा संध्याकाळी आईशेजारी बसायचं आणि ती जे बोलेल ते ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही, उपाय सांगायचा नाही, 'तुला काय कळतं' तर अजिबात नाही. फक्त "हं" म्हणायचं.

"नुसतं हं?"

"नुसतं हं. म्हणून दाखवा."

बुधा म्हणाला, "हं."

"हे उठून जातानाचं झालं. बसून ऐकतानाचं म्हणा."

पुष्कळ वेळ तो हं म्हणत होता. बाहेरच्या रांगेतल्या माणसांना वाटलं आत कोणीतरी कुंथतंय. पण त्याला ते जमलं. आणि गंमत म्हणजे हं म्हणता म्हणता त्याला ऐकू येऊ लागलं. कौलं बदलली. रावजीबाबा पुढच्या शिमग्यात एकदा येऊन गेले म्हणे, पण सणाला म्हणून, काही मागायला नाही.

घरी वेणीमाधवशास्त्रींनी ही हकीकत ऐकली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दक्षिणा न घेता बाहेर बसायला तयार झाले, म्हणजे सज्जन गृहस्थ दिसतात."

१९९९ साली आमच्याकडे खरे डॉक्टर आले. डॉ. शौनक धारणे, तरुण, मितभाषी, हातात नेहमी पाण्याची बाटली. पहिल्याच महिन्यात आम्ही त्यांना पेठला नेलं. जीपमधून उतरतात तो तिथला एक आरोग्यसेवक पुढे आला, हात जोडले.

"साहेब, तुमचं नाव लय ऐकून होतो. फेफरं आलं तर चप्पल हुंगवू नका म्हणून तुम्ही सांगितलं होतं ना, ते आम्ही सगळ्या पाड्यांवर पोचवलं. आता कोणी नाय हुंगवत."

डॉक्टरांनी कुसुमताईंकडे पाहिलं. कुसुमताई खोक्यातली औषधं मोजल्यासारखं करू लागल्या. तेवढ्यात एक म्हातारा आला. "साहेब, सुनेला बाळंतपणानंतर रडू येतं ते नाटक नसतं, आजार असतो, असं तुम्ही म्हणाला. सून बरी झाली. पाया पडायचं राहिलं होतं."

दुपारपर्यंत डॉ. धारणेंना आपली आठ-दहा मतं कळली. जेवायला बसल्यावर कुसुमताईंनी सगळं सांगून टाकलं, सुरुवातीपासून. डॉक्टरांनी शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला.

"मी काही चुकीचं बोललो होतो का?"

"नाही, सर. तुम्ही बरोबरच बोलायचात."

"मग ठीक आहे. पण यापुढचं तुमच्या नावाने सांगा. मी इतकं सगळं लक्षात ठेवू शकणार नाही."

तरी तिथून पुढे पेठला कोणी काही विचारलं की डॉक्टर स्वतःच सांगत, "बाई म्हणतात तसं करा." नाशिकला वॉर्डातही. त्यामुळे एक नवीच पंचाईत झाली. सिस्टर आता डॉक्टरांनाच विचारू लागल्या, "सर, मॅडमना विचारलंत का?"

अक्काबाईची तब्येत उत्तम होती. आपल्या आवाजात बोलायची सवय लागल्यावर ती थांबेना. ग्रामसभेत हातपंपावर बोलली, आश्रमशाळेत जाऊन गुरुजींना आमटीवर बोलली. सगळ्यांना ती पुरून उरत होती. पाड्यावरचे काही बाप्ये आमच्या शिबिरात येऊन अडूनअडून विचारून गेले, की पूर्वीसारखं करता येईल का.

२००३ च्या पावसाळ्याअखेरीस बुधा पुन्हा पेठच्या खोलीत आला. मागे अक्काबाई होतीच. कुसुमताईंच्या केसांत तोवर पांढरं दिसू लागलं होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे अक्काबाईसाठी खुर्ची ओढली.

"तिचं काय नाय," बुधा म्हणाला. "तिला बाहेर बसवा. माझंच हाय. झोप लागत नाय, आणि उगाच भरून येतं. कोणाला बोललो नाय अजून."

कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्काबाईला बाहेर नेलं. दार बंद झालं. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मध्ये एकदा कुसुमताईंचं "हं" तेवढं ऐकू आलं.

बाहेर सावलीत अक्काबाई बाकड्यावर बसली आणि तिने रांगेतल्या एका घाबरलेल्या नव्या बाईला जवळ बोलावलं.

"पहिल्यांदा आलीस?" तिने विचारलं. "काय होतंय? सांग मला."

ती बाई सांगू लागली. अक्काबाईने पाय वर घेतले, मांडी घातली, आणि पहिल्यांदाच मी तिला इतका वेळ गप्प बसलेली पाहिली.